कपाटातला गणपती

ओमानमधल्या आमच्या इब्रीच्या घरात गणपती कपाटात बसतो. पुण्यात कुणाला हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. कीव करण्यासारखं काही नाही. कपाट चांगलं आहे. हॉलच्या भिंतीत बसवलेलं, सरकत्या दाराचं, ऐसपैस. एरवी त्यात इस्त्रीचं टेबल, मुलीचे जुने युनिफॉर्म आणि नवऱ्याने वजन कमी करायच्या जोशात आणलेली उडीची दोरी असते. भाद्रपद आला की हा संसार पलंगाखाली जातो, कपाटात झिरमिळ्या लागतात, पाट मांडला जातो आणि बाप्पा येतात. दार उघडं असलं की मखर, सरकवलं की कपाट.

आता हे असं का, तर नियम. नियम नेमका काय आहे हे इब्रीतल्या एकाही मराठी माणसाने वाचलेलं नाही, पण तो सगळ्यांना पाठ आहे. आपल्या घरात आपला देव ठेवा, पूजा करा, कुणी विचारायला येत नाही. मस्कतला सरकारमान्य देऊळ आहे, तिथे जाऊन हवी तेवढी घंटा बडवा. पण घरी माणसं जमवून, परवानगीशिवाय, सामुदायिक पूजा करायची नाही. एवढंच. आता मस्कत आमच्यापासून गाडीने तीन तासांवर, आणि आरतीला माणसं लागतात. नवरा, मी आणि मुलगी, अशा तिघांनी म्हटलेली आरती ही आरती नसते, ती शाळेतली प्रार्थना होते. म्हणून गावातली चार-पाच मराठी कुटुंबं आमच्याकडे जमतात, आणि तिथून पुढे आमचा सगळा चोरटा कारभार सुरू होतो.

हा कारभार कुणी एकाने ठरवलेला नाही. दर वर्षी थोडा थोडा वाढत गेला. गाड्या आमच्या दारात लावायच्या नाहीत, मागच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लावायच्या. एकदम यायचं नाही, सुटं सुटं यायचं. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला तर कुणालाही कळेल म्हणून चपला आत घ्यायच्या आणि बाथटबमध्ये ठेवायच्या. घंटेच्या लोलकाला मुलीचा लहानपणीचा मोजा बांधायचा. टाळ्या दोन बोटांनी. आरती अर्थातच दबक्या आवाजात, आणि त्यावर उतारा म्हणून एसी फुल, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू आणि वॉशिंग मशीन रिकामंच फिरवायचं. नियम बोटभर होता, तो आमचा आम्हीच हातभर करून घेतला होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'गणपती' असं लिहायचं नाही. 'बर्थडे' लिहायचं. 'केक' म्हणजे आरती. एका वर्षी गावात नवीनच आलेल्या एका जोडप्याला हे कुणी समजावून सांगितलं नाही. ते बिचारे खरोखर फुगे आणि रिमोटवर चालणारी मोटार घेऊन आले. काय करणार, ती मोटार आम्ही बाप्पापुढे ठेवली. उंदराला तेवढाच आराम.

तर अशा घरात मागच्या वर्षी बाबा येतो म्हणाले.

बाबा म्हणजे माझे सासरे. कोथरूडला एकटेच असतात. एके काळी सोसायटीच्या आरतीला त्यांनी सूर लावला की तिसऱ्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागायची. सासूबाई गेल्या आणि त्यानंतर हळूहळू बाबांचे कानही गेले. त्या आधीच्या गणपतीत त्यांनी घरात एकट्याने आरती म्हटली होती. फोनवर मला म्हणाले, "अगं, माझं मलाच कळेना, तोंडातून आवाज निघतोय की नुसतेच ओठ हलतायत. मला एकदा घरातल्या माणसांनी म्हटलेली आरती ऐकायची आहे. बाकी काही नको. तुमच्याकडे येऊ का?"

मी म्हटलं, "या की." फोन ठेवला आणि मग मला आमचा एसी आठवला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "होईल काहीतरी." हे त्याचं लाडकं वाक्य आहे. इतकी वर्षं ओमानमध्ये राहून त्याने इन्शाल्लाचं मराठी भाषांतर करून घेतलंय.

बाबा आले ते शाडूची छोटीशी मूर्ती घेऊन. ती त्यांनी प्रेशर कुकरमध्ये, तांदळात रोवून आणली होती. मस्कतच्या विमानतळावर कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने कुकर उघडायला लावला. तांदळातून सोंड वर आलेली. त्याने बाप्पाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, झाकण लावलं आणि पुढे जा अशी खूण केली. बाबांनी हा किस्सा इब्रीपर्यंतच्या प्रवासात मोठमोठ्याने सांगितला. ऐकू न येणारा माणूस मोठ्याने बोलतो. त्यामुळे आमच्या गाडीत तीन तास जेवढा मराठी आवाज झाला तेवढा आमच्या घरात तीन वर्षांत झाला नसेल.

घरी येऊन कपाट पाहिल्यावर बाबा थबकले.

"देव कपाटात?"

"सरकतं दार आहे, बाबा," नवरा त्यांच्या कानाशी ओरडला.

"कपाटाला काय, दार असणारच," बाबा म्हणाले, पण पुढे वाद घातला नाही. त्यांनी स्वतः झिरमिळ्या सरळ केल्या, मूर्ती पाटावर ठेवली, दूर जाऊन पाहिली, परत येऊन पाव इंच डावीकडे सरकवली. सकाळी प्राणप्रतिष्ठा झाली. आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहतं, त्यांचं बाजारात बुरख्यांचं आणि अत्तरांचं दुकान आहे. त्या घरातल्या भाभी आमच्या उकडीच्या मोदकांच्या कर्त्याकरवित्या. माझ्या मोदकाला पाच कळ्या पडतात आणि सहाव्याला तो फुटतो. त्या आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता ताट भरून टाकलं. माझी एसी-मशीनची तयारी बघून त्यांना हसू आवरेना.

"वयनी, येवढा कशाला भिताव? अर्बाबला सगला म्हायत हाय."

अर्बाब म्हणजे आमचे घरमालक. खालच्या मजल्यावर राहतात, अंगणात चार शेळ्या आहेत, आणि भाडं घ्यायला आले की अर्धा तास खजूर कुठला चांगला यावर बोलतात. "माहीत असेल तर मग अजूनच भ्यायला हवं," मी म्हटलं. भाभींनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढचा मोदक वळला.

संध्याकाळी माणसं आली. सुटी सुटी, दोन दोन. टब चपलांनी भरला. एसी सोळावर गेला, एक्झॉस्ट घुमायला लागला, मशीनने रिकाम्या पोटी गरगरायला सुरुवात केली. बाबा नवं धोतर नेसून, कानात यंत्र बसवून, कपाटासमोर सगळ्यांच्या पुढे हात जोडून उभे. चेहऱ्यावर नुसती उत्सुकता. आम्ही सुरू केलं. दबक्या आवाजात, दोन बोटांनी, मोजा बांधलेल्या घंटेसह. बाबांच्या यंत्रात आमचा एसी शिरला. ते शिट्टी मारायला लागलं. त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि पुन्हा हात जोडले.

आरती संपली. निरांजन फिरलं, सगळ्यांनी ते डोळ्यांना लावलं, प्रसादाच्या वाट्या आल्या. बाबा अजून तसेच उभे.

मग ते मागे वळून म्हणाले, "अरे, सुरू करा ना. अजून कुणी यायचंय का?"

वाट्यांमधले चमचे थांबले. झाली, असं सांगायचं कुणी? सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. तो पुढे झाला आणि बाबांच्या कानाशी तोंड नेऊन, पोटातून जोर काढून ओरडला, "झाली, बाबा! आरती झाली!"

खाली शेळ्या ओरडल्या. खोटं सांगत नाही. इतक्या वर्षांत आमच्या घरातून एवढा आवाज गेला नव्हता. पाहुण्यांनी वाट्या तिथेच ठेवल्या आणि पाच मिनिटांत टब रिकामा झाला.

बाबा सोफ्यावर बसले. प्रसादाची वाटी मांडीवर. "असं होय," म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही बुवा." नवऱ्यावर रागावले नाहीत, माझ्यावर नाही. पण मोदक त्यांनी अर्धाच खाल्ला, आणि भाभींचा मोदक अर्धा टाकणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. आमचा गणपती दीड दिवसाचा. म्हणजे दुसऱ्या संध्याकाळची एकच आरती हातात होती, मग बाल्कनीत प्लास्टिकच्या छोट्या टबात विसर्जन, आणि आठवड्याने बाबांचं विमान.

मला रात्रभर संताप येत होता. कुणावर ते ठरवता येईना, म्हणून मी तो नवऱ्यावर काढला आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं: आज केक एसी बंद करून, मोठ्या आवाजात. बाबांना ऐकू यायला हवं. सगळ्यांनी यावं.

पाहिल्याच्या निळ्या खुणा पटापट उमटल्या. उत्तरं हळूहळू आली. एकाच्या साहेबांची अचानक भेट निघाली. एकीच्या मुलाला अरबी शिकवायला मास्तर येणार होते, जे तोपर्यंत कधीही आल्याचं ऐकिवात नव्हतं. एकाने फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ते नमस्काराचं की माफीचं हे त्यालाच ठाऊक. मी चिडले, पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी असते तर मलाही पोटदुखी झाली असती. इथली नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की शाळा, घर, सगळंच. तेवढ्यासाठी कुणी शूर व्हावं असा आग्रह मी कोण धरणार?

संध्याकाळी आम्ही चौघंच उरलो. बाबा, नवरा, मी आणि आमची मुलगी. भाभी मोदकांचं दुसरं ताट घेऊन आल्या, "मी आतच बसतंय," म्हणून स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसल्या. आणि मग नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, आपण आता नुसतं कुटुंब आहोत," तो म्हणाला. "म्हणजे आपण काहीच बेकायदेशीर करत नाहीये."

हे इतकं सोपं होतं की आम्हाला त्याची भीतीच वाटली. मी एसी बंद केला. एक्झॉस्ट बंद केला. घंटेचा मोजा सोडला. घरात अशी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. बाबांनी यंत्र कानात घातलं. ते या वेळी शहाण्यासारखं गप्प बसलं. मी तबक उचललं, श्वास घेतला.

तेवढ्यात बेल वाजली.

मुलगी विजेच्या वेगाने कपाटाशी गेली आणि दार सरकवलं. बाप्पा आत, निरांजन हातात घेतलेली मी बाहेर. नवऱ्याने दार उघडलं. दारात अर्बाब. पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी, हातात खजुराचा डबा. आत येऊन बसले. मी निरांजन घेऊन सणाच्या जाहिरातीतल्या बाईसारखी तशीच उभी. त्यांनी निरांजनाकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या हिंदीत सुरू झाले.

"कल तुम इतना जोर से बाबा को क्यों चिल्लाया?"

नवऱ्याला कळेना. मलाही.

"हम नीचे सुना. मेरा बीवी भी सुना. बाबा बूढा आदमी. बाबा को चिल्लाना ऐब है. बहुत ऐब."

म्हणजे तक्रार आली होती, पण ती आरतीची नव्हती. मोजा, टब, वॉशिंग मशीन, सगळं पार करून खाली पोचलं होतं ते 'झाली, बाबा!' आमच्या गोऱ्यागोमट्या नवऱ्याचे कान लालभडक झाले. तो ततपप करत सांगू लागला की बाबांना ऐकू येत नाही, म्हणून. अर्बाब ऐकेनात. बापाशी कसं बोलावं याचं व्याख्यान त्यांनी पुरं केलं. स्वयंपाकघरातून भाभींच्या खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, ते हसू होतं हे मला माहीत आहे.

त्या हिंदीतलं अक्षर बाबांना यंत्र लावूनही कळलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की घरी पाहुणा आलाय, खजूर घेऊन आलाय, आणि गणपतीच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला दर्शन द्यायचं असतं. ते उठले आणि कुणी हलायच्या आत त्यांनी कपाटाचं दार सरकवलं.

"या, या," म्हणाले. "आमचे बाप्पा."

अर्बाबांनी एकदा पाहिलं. झिरमिळ्या, दुर्वा, मोदकांचं ताट, आणि मधोमध आमचे तांदळातून आलेले बाप्पा. मग त्यांनी नजर वळवली आणि एसीकडे बघत राहिले, जणू तो दुरुस्त करायलाच आले होते.

"फॅमिली?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "सिर्फ फॅमिली?"

"सिर्फ फॅमिली," नवरा म्हणाला.

"तो माफी मुश्किल, कुछ प्रॉब्लेम नहीं. घर तुम्हारा." ते उठले. दारापाशी थांबले, आवाज खाली आला. "कल बहुत लोग था. पार्किंग से चल के आया. मेरे को भी लोग पूछता है ना. मैं क्या बोलेगा?"

मला वाटलं होतं, भीती काय ती आमच्याच वाट्याला आलीय. त्या क्षणी त्यांचा चेहरा बघून कळलं की थोडी त्यांच्याही घरी होती. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला, छातीला हात लावला आणि खाली गेले. खजुराचा डबा टीपॉयवर राहिला.

"चला," नवरा म्हणाला. त्याला एकदम हुशारी आली होती. "आता तर मालकांनीच सांगितलं. मोठ्याने म्हणायची."

आम्ही उभे राहिलो. बाबा मधे, यंत्र कानात, हात जोडलेले. मी तोंड उघडलं आणि आरती सुरू केली.

आवाज आलाच नाही. म्हणजे आला, पण तोच, कालचाच, दबका. मी जोर लावला तर घशातून काहीतरी फाटल्यासारखं निघालं आणि माझी मीच दचकून पुन्हा खाली आले. नवऱ्याने दोनदा खाकरून पाहिलं. "घसा बसलाय बहुतेक," म्हणाला. हा माणूस फुटबॉलची मॅच बघताना अख्खी इमारत डोक्यावर घेतो. कॉलेजात मी गॅदरिंगला माइकशिवाय गायलेली बाई. एसी बंद होता, कुटुंब होतं, परवानगी होती, आणि आम्ही दोघं कुजबुजत होतो. मला हसू यायला लागलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही.

बाबा आमचे ओठ बघत होते. एकदा माझे, एकदा नवऱ्याचे. मग त्यांनी काय करावं? ते खाली वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि आपला कान नातीच्या तोंडाशी नेला.

तिने तो हातांच्या ओंजळीत धरला आणि आरती त्यात म्हटली. आमची मुलगी मैत्रिणींत इंग्रजी बोलणारी, मराठी अडखळत बोलणारी. पण आरती तिला पाठ आहे. पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर न चुकता तिने ती आजोबांच्या कानात ओतली. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांची मान ठेक्यावर हलत होती, म्हणजे ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. भाभी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पदराने हात पुसत.

संपल्यावर बाबा कमरेला हात लावून सरळ झाले. चेहरा उजळला होता.

"वा," म्हणाले. "शब्द सगळे स्वच्छ. पण अशी भीत भीत का म्हणतेस गं? कुणी रागावतं का तुला?"

"नो, आजोबा," ती म्हणाली. तिला प्रश्नच विचित्र वाटला. "आरती अशीच म्हणतात ना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"छे छे," ते म्हणाले. "अशी नसते, वेडे. थांब, तुला दाखवतो." त्यांनी छाती भरून श्वास घेतला, टाळी वाजवली, पूर्ण पंज्याने, आणि सूर लावला. बेसूर होता, घोगरा होता, पण काय आवाज होता तो! कपाटाचं दार त्याने थरथरलं.

आणि आमची मुलगी घाबरून पुढे धावली. टाचा उंचावून तिने आपला छोटा हात आजोबांच्या तोंडावर ठेवला.

"श्श, आजोबा," ती म्हणाली, अगदी मायेने. "श्श."

बाबा थांबले.